उलटं शिलंगण

बॉनेट उघडलं तेव्हा आत खुडूक कोंबडी बसली होती. मी तिला उचलायला हात घातला, तर तिनं मनगटावर अशी चोच मारली की माझ्या मागं उभे असलेले दस्तगीर मिस्त्रीच दोन पावलं सरकले.

"राहू द्या वैनी," ते म्हणाले. "हिचाच जोर बरा दिसतोय. इंजिन कशाला पाहिजे?"

कोंबडी ओरडत निघाली. अंडी मी पदरात घेतली, गवत ओढून बाहेर टाकलं, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या पोटात वाकून बघत राहिलो. एके काळी तिथं इंजिन होतं. आता आरपार खालची जमीन दिसत होती आणि जमिनीवर कोंबडीची पिसं. मिस्त्रींनी टेप आणला नव्हता. त्यांनी वितीनं माप घेतलं, एकदा लांबीचं, एकदा रुंदीचं, मग मान वर करून भिंतीकडं बघितलं. तिथं गोणपाटाखाली आमच्या गिरणीचं जुनं डिझेल इंजिन होतं. त्यांनी हवेतच त्याच्याही विती मोजल्या.

"बसंल," ते म्हणाले. "बसवायचंच म्हटल्यावर बसंल."

ती गाडी माझ्या सासऱ्यांनी कोल्हापुरात लिलावात घेतलेली. विलायती, काळी, गोल पाठीची. तिचं खरं नाव बोरगाळीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळं गाव तिला 'सायबीण' म्हणायचं. गावात दुसरी मोटार नव्हती. दसऱ्याला देवाची पालखी शिवेबाहेरच्या माळावर जायची, शिलंगणाला, आणि पालखीमागं फुलांच्या माळा घालून सायबीण. सासरे गेल्यावर आमच्या मालकांनी ती चालवली. एका उन्हाळ्यात घाट चढताना पाणी आटलेलं त्यांच्या ध्यानात आलं नाही, तशीच रेटली, आणि इंजिनाला चीर गेली. ते काढून विकलं. दुसरं आणायचं म्हणता म्हणता पावसाळ्यात कावीळ झाली आणि मालकच गेले. सायबीण परड्यात उभी राहिली, आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या.

मालक हिंडते होते. त्यामुळं घरची पिठाची गिरणी खरी मी चालवायची. पहाटे हँडल मारून इंजिन सुरू करण्यापासून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून घेण्यापर्यंत सगळं. त्याचा आवाज जरा बदलला तरी मला चुलीपुढं बसून कळायचं. मग गावात वीज आली. थोरले दीर, केरबाभाऊजी, त्यांनी गिरणीला मोटर बसवली. इंजिन उतरवून भिंतीला लावलं. बटण दाबायला शालन कशाला लागते, असं म्हणाले आणि मलाही भिंतीला लावलं.

त्या वर्षी जेठात वाटणी झाली. सोप्यात पंच बसले होते, आणि मधे सरपंच हिंदुराव. गिरणी भाऊजींकडं, जमीन तूर्त एकत्र, म्हणजे तीही त्यांच्याकडंच. मला मूलबाळ नव्हतं. बाईमाणूस एकटं कशाला राहतंय, निपाणीकडं भाऊ आहे, तिकडं सुखानं राहू दे, असं सगळ्यांचं मत पडत चाललं होतं. सुखानं हा शब्द भाऊजींनी दोनदा वापरला. मी दाराआडून म्हटलं, मला ते इंजिन आणि सायबीण द्या. काय करणार, असं विचारल्यावर सांगितलं. वरच्या धनगरवाड्यांवर वीज नाही. तिथल्या बाया डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरतात, दिवसभर आमच्या दारात नंबर लावून बसतात आणि पीठ घेऊन पुन्हा चढतात. गिरणी त्यांच्या दारात नेली तर? इंजिन सायबीणीत घालायचं. त्यावरच गाडी चालेल, आणि वर पोचलं की त्याच्यावरच पट्टा टाकून चक्की फिरेल.

पंच हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. भाऊजी मात्र मांडीवर थाप मारून हसले आणि पंचांच्या देखत म्हणाले, "बरं तर. दसऱ्याला सायबीणीनं आपल्या पायानं शीव ओलांडायची. ढकलायची न्हाई, बैल जुपायचं न्हाई. ओलांडली तर गाडी तुझी, इंजिन तुझं, परडं तुझं, काय दळायचं ते दळ. न्हाई ओलांडली तर दुसऱ्या दिवशी निपाणीचा भंगारवाला येतोय. त्याच्या ट्रकातनं गाडी आणि इंजिन दोन्ही जातील, आणि तू त्याच रस्त्यानं भावाकडं."

हिंदुरावांनी दाराकडं बघून विचारलं, "शालन, कबूल हाय?"

"हाय," मी म्हटलं, आणि हे बोलायला दाराआडून बाहेर आले. ते माझ्या सासूबाईंना आवडलं नाही. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

दस्तगीर मिस्त्री पंचक्रोशीत विहिरींवर आणि गिरण्यांत इंजिनं बसवायचे. मोटारीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढं असंही सांगितलं की मोटार म्हणजे तरी काय, चाकं लावलेली विहीरच. मालकांची आणि त्यांची दोस्ती होती. मालक गेल्यापासून ते आमच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरून चालत जायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

श्रावण, भादवा असेच गेले. सकाळची कामं आटपली की मी परड्यात. भाऊजींच्या बायकोला जास्तीची कामं निघत तेव्हा त्या मला हाका मारत, मग मी हात पुसून जायची, पुन्हा यायची. आत्याबाई परड्याच्या कडेला शेंगा फोडत बसायच्या. त्यांच्या तोंडाला विश्रांती नव्हती.

"घोड्याच्या अंगावर रेड्याचं मुंडकं बसवाय लागलीयास," एक दिवस त्या म्हणाल्या.

"चालला म्हंजे झालं, आत्याबाई."

"चालंल की. वरडंल रेड्यागत आणि लाथा घालंल घोड्यागत."

आणि खरंच ते मुंडकं होतं. एकाच सिलिंडरचं, ठेंगणं, दोन्ही बाजूंना एकेक जड चाक. तीन लाकडांची तिपाई करून तिला साखळीची पुली टांगली, चार गडी आणले, इंजिन वर उचललं आणि सायबीण ढकलत त्याच्याखाली आणली. ते आत उतरलं तशी गाडी नाकावर वाकली. बॉनेट काही बसेना, ते काढून चुलीच्या सरपणावर झाकण म्हणून ठेवलं. रेडिएटर केव्हाच कुजला होता. पाण्यासाठी तेलाचा रिकामा डबा बांधला.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा धुराचं नळकांडं नेमकं स्टिअरिंगच्या दांड्यावर येत होतं. मिस्त्री खाली बसून बिडी ओढत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, इंजिन फिरवून बसवू. ह्या बाजूचं चाक त्या बाजूला. म्हणजे नळकांडं पलीकडं जातंय, आणि हँडल मारायची बाजूही बाहेर येते.

मी विचारलं, "मग उलटं फिरणार न्हाई का?"

"फिरंना. पट्ट्याला एक पीळ दिला की झालं."

मला ते पटलं. गिरणीत आम्ही तेच करायचो. दगड उलटा फिरायला लागला की पट्टा उतरवायचा, मधे आठाच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा आणि पुन्हा चढवायचा. दगड सरळ. दोघांच्याही आयुष्यात उलटं फिरणं ही कधी अडचणच झाली नव्हती. इंजिन फिरवून बसवलं, गारगोटीच्या लेथवाल्याकडून मधली चकती करून आणली, आणि गिअरची पेटी त्याला जोडली. इतकं नीट बसलं की मिस्त्रींनी माझ्याकडून गुळाचा खडा मागून घेतला.

जोडणी संपली ती अष्टमीच्या संध्याकाळी. लगेच हँडल मारून बघावं असं मला फार वाटलं, पण डिझेल संपलं होतं, आणि दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुजायची, चालवायची नाहीत. गिरणीसुद्धा बंद. मिस्त्री पक्के नमाजी, पण त्या दिवशी त्यांचेही पाने, हातोड्या आमच्या पाटावर असायच्या. मालकांच्या वेळेपासूनची रीत. मी इंजिन पुसलं. पूजा भाऊजींच्या बायकोनं केली, कारण माझा हात चालत नव्हता. त्यांनी मोटरीला हळद वाहिली, गिरणीच्या दगडाला वाहिली, आणि सायबीणीला वाहायचं विसरल्या.

दसऱ्याच्या दुपारी मिस्त्री धुतलेली टोपी घालून डिझेलचा डबा घेऊन आले. गावात ढोल सुरू झाले होते. पालखी उन्हं कलल्यावर निघायची. भाऊजी नवा फेटा बांधून सोप्यात उभे होते, चारपाच लोक बरोबर. निमंत्रण न देता सगळे आले होते.

मिस्त्रींनी हँडल मारलं. दोनदा नुसतं फुसफुसलं. तिसऱ्यांदा नळकांड्यातून काळा गोळा उडाला आणि इंजिन लागलं. माझं इंजिन. तोच आवाज, ठोक ठोक ठोक, फक्त आता त्याच्याबरोबर सगळी गाडी, काचा, दारं, दिव्यांची भांडी, सगळं ठोक ठोक करत होतं. आत्याबाईंच्या शेंगांचं सूप थरथरायला लागलं.

मी आत बसले. मालकांनी लग्नानंतर उन्हाळ्यात रिकाम्या माळावर मला गाडी शिकवली होती. ते गावाला माहीत नव्हतं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला.

सायबीण सरळ मागं गेली आणि वैरणीच्या गंजीत घुसली.

मला वाटलं माझ्याकडूनच गिअर चुकला. पुन्हा टाकला. ती आणखी गंजीत गेली. दुसरा टाकला. तोही मागं, जरा जोरात, आणि ती गंज फोडून पलीकडं निघाली. सोप्यात पहिल्यांदा कुणीच हसलं नाही, कारण कुणाला काही कळलं नव्हतं. मग भाऊजींना कळलं. ते इतके हसले की फेटा धरावा लागला.

मिस्त्री गाडीच्या पुढं उभे होते. त्यांनी एकदा इंजिनाच्या फिरणाऱ्या चाकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ते हळूच उकिडवे बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैनी," ते म्हणाले, "ह्याला पट्टा कुठाय?"

दोन गिरणीवाले, दोन महिने, आणि गाडीला पट्टा नसतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तरी माझ्या मनात आलं, उलटं म्हणजे सगळंच उलटं, मग मागं जायचा गिअर तिला पुढं नेईल. तो टाकून बघितला. आतून नुसतं दळल्यासारखं खरखरलं. मग आठवलं की सासऱ्यांच्या वेळीच त्या गिअरचे दाते गेले होते. गाडी वळवायची झाली की चार माणसं मागचा भाग उचलून फिरवायची, ती आमच्या घरची चालच होती. म्हणजे आता सायबीणीला चार गिअर होते आणि चारी मागं जाणारे.

मिस्त्री उठून जवळ आले. इंजिन पुन्हा काढून फिरवायला चार दिवस पुरतील, म्हणाले. नळकांड्याला वाकण देऊ, दांडा सरकवू, करून देतो, माझ्या बापाची शपथ. मी म्हटलं, भंगारवाला उद्या येणार आहे.

भाऊजी जवळ आले. त्यांचं हसणं संपलं होतं, आणि त्यांचा आवाज मऊ झाला होता. तो मला हसण्यापेक्षा जास्त लागला. "शालन, लई केलंस. कुणी तुला नाव ठेवणार न्हाई. आता उतर खाली आणि पोळ्या लाटायला जा. सकाळी मी सोता तुला सोडून येतो."

ढोल देवळाकडून चावडीकडं येत होते. मी आरशात बघितलं. आरशात परड्याचं फाटक दिसत होतं, आणि फाटकापलीकडं गल्ली. गाडी परड्यात आणून उभी केली होती तेव्हा तोंड भिंतीकडं होतं. म्हणजे फाटक मागंच होतं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "फाटक उघडा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते समजले, टोपी घातली आणि पळत गेले. भाऊजी म्हणत होते, हे काय चाललंय, गावात शोभा करतीस काय, विधवा बाई दसऱ्याच्या दिवशी, आणि तीही ढुंगण पुढं करून. हा शब्द त्यांनी आपल्या आईसमोर वापरला.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आत्याबाई काठी आत टाकून, सीटवरच्या गवताच्या काड्या झटकून चढत होत्या.

"आई, उतर," भाऊजी म्हणाले.

"का? तिला मागचं दिसंना. मी बघून सांगतो."

"आई, लोक काय म्हणतील?"

आत्याबाई नीट बसल्या. लुगडं सारखं केलं. मग दाराबाहेर मान काढून थोरल्या मुलाला म्हणाल्या, "तुझा बाप हुता तवर दर साली ह्या गाडीत बसून मी शिलंगणाला गेलो. तो गेला त्या सालापासनं ह्या दिवशी मला कुणी उंबऱ्याबाहेर बोलावलं न्हाई. तू बी न्हाई. माझी सून निघालीया, मी जाणार. दार लाव."

भाऊजींनी दार लावलं. का लावलं ते त्यांनाही कळलं नसेल.

गल्लीत निघाल्यावर पहिली अडचण वेगळीच आली. आत्याबाई मागं तोंड करून गुडघ्यांवर बसल्या होत्या, मी पुढं तोंड करून. त्या ओरडल्या, डावीकडं घे. मी माझ्या डावीकडं घेतलं आणि सुताराच्या ओट्याला दार घासलं. त्या म्हणाल्या, डावीकडं म्हटलं की गं. मी म्हटलं, कुणाच्या डावीकडं? त्यांनी क्षणभर विचार केला. मग डावं-उजवं सोडूनच दिलं.

"देवळाकडं घे," त्या म्हणाल्या. "आता वढ्याकडं. वढ्याकडं, वढ्याकडं, बास. आता कुंभाराकडं जरा."

हे मला कळत होतं. डोळे मिटूनही कळलं असतं. अशी आम्ही गल्ली पार केली. कुत्री भुंकत होती, माणसं ओट्यांवर चढत होती, कोण कुणाला विचारत होतं की ही येतीया का जातीया. चावडीपाशी पालखी नुकतीच पुढं गेली होती. ढोलवाल्यांनी मागून ठोक ठोक ऐकली आणि मागं बघितलं, तर सायबीणीची गोल पाठ त्यांच्याकडं येत होती आणि तिच्या काचेतून आत्याबाई हात हलवून त्यांना वाट काढायला सांगत होत्या. त्यांनी वाट काढली नाही, पण चाल वाढवली. त्या वर्षी पालखी बोरगाळीच्या इतिहासात सगळ्यात लवकर शिवेवर पोचली असेल.

गाडीमागं चालणारे लोक, म्हणजे माझ्या समोर. हे मी आधी धरलंच नव्हतं. मालक गेल्यापासून मी गल्लीतून जाताना खाली बघून जायची. माझ्या पाठीमागं कोण काय बोलतं ते कानावर यायचं, तोंडं दिसायची नाहीत. आता अख्खं गाव माझ्याकडं तोंड करून चालत होतं आणि मी त्यांच्याकडं. पंच होते, सोनार होता, दळणाला येणाऱ्या बाया होत्या, त्यातल्या काही पदरात तोंड घालून हसत होत्या, एकदोघी हसत नव्हत्या. मी एकेकाकडं बघत राहिले. कुणालाच माझ्या पाठीमागं काही बोलता येत नव्हतं, कारण माझी पाठ त्यांच्याकडं नव्हतीच. मिस्त्री एका बाजूनं पाण्याची बादली घेऊन पळत होते. भाऊजी सगळ्यांच्या पुढं होते, घामानं डबडबलेले, फेटा सुटलेला.

शिवेचा दगड चुना लावून पांढरा केला होता. तो मला दिसला तेव्हा माझ्या पुढच्या चाकाशी होता, म्हणजे गाडीचा मोठा भाग पलीकडं गेलेला. आत्याबाई नुसतं म्हणाल्या, "गेली गं."

माळावर पालखी टेकली, आपट्याची पानं लुटायला लोक धावले, पण निम्मे लोक गाडीभोवतीच थांबले. इंजिन मी बंद केलं नाही. पुन्हा लागलं असतं की नाही, मला खात्री नव्हती.

भाऊजी दम खात म्हणाले, हे धरायचं न्हाई. हिंदुराव म्हणाले, गाडी आपल्या पायानं आली, बैल न्हाईत, कुणी ढकलली न्हाई. भाऊजी म्हणाले, शिलंगण म्हणजे पुढं जाणं, पाठ फिरवून जाणं म्हणजे पळून जाणं. त्यावर गुरव म्हणाला की पाठ तिनं शिवेकडं केली होती, गावाकडं न्हाई, मग पळाली कुणापासनं? सोनार म्हणाला, वासरू जन्मताना पाय आधी आले तर त्याला वासरू म्हणत न्हाई का? कुणी म्हणालं, तसलं वासरू जगत न्हाई. कुणी म्हणालं, आमचं जगलंय. पंचांमधे दोन तट पडले. एक म्हणत होता, केरबानं बोलताना पुढं जायचं असं म्हटलंच नव्हतं. दुसरा म्हणत होता, असल्या गोष्टी म्हणाव्या लागत न्हाईत. आवाज चढत गेले. मी बसल्या जागी एकाकडून दुसऱ्याकडं बघत होते. माझं परडं, माझं इंजिन, उद्या सकाळी मी कुठं असणार, हे त्यांच्या तोंडातून इकडून तिकडं जात होतं, सुपात घातल्यासारखं. मला कुणी काही विचारत नव्हतं.

मी काचेवरच्या आरशात बघितलं. आत्याबाई पलीकडं बघत होत्या. माळ संपतो तिथून धनगरवाड्याची वाट चढते. उन्हं अजून त्या उतारावर होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "वाट रुंद हाय का?"

"बैलगाडी जाती."

"मग सांगत ऱ्हावा."

भाऊजींना ऐकू आलं असावं. ते पळत आले आणि गाडीच्या पुढं, दिव्यांच्या समोर, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "निकाल लागल्याबिगर गाडी हलायची न्हाई. घालायची तर माझ्या अंगावर घाल."

त्यांच्या अंगावर घालणं सायबीणीला शक्यच नव्हतं. मी पहिला गिअर टाकला आणि पाय उचलला. ते हात पसरून तसेच उभे राहिले. त्यांच्यामागं फेटे, टोप्या, पंच, पालखी, सगळे. आणि सगळे माझ्यापासून लांब जायला लागले.

"फणसाकडं घे," आत्याबाई म्हणाल्या. "आता खडकाकडं."

पंचांचे हात हलताना मला दिसत होते. हिंदुरावांनी मधे उभं राहून सगळ्यांना गप्प केलेलं दिसलं. मग ते माझ्याकडं बघून दोन्ही हात तोंडाशी धरून मोठ्यानं काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आत्याबाईंना आलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "पुढं बघू नगंस. मी सांगतो तिकडं घे."

आम्ही वाड्यावर राहिलो. भंगारवाला सकाळी ट्रक घेऊन आला, रिकाम्या परड्यात थोडा वेळ उभा राहिला आणि चहा पिऊन गेला. मिस्त्री कुठूनतरी एक जुनी चक्की मिळवून बैलगाडीत घालून वर आले, त्यांनी इंजिन काढून फिरवून बसवलं, नळकांड्याला वाकण दिलं. मग सायबीण सरळ चालू लागली आणि पुढची पंधराएक वर्षं मी तिच्यावर वाड्यावाड्यांची दळणं दळली. बोरगाळीत परडं माझंच राहिलं. भाऊजींनी कधी विषय काढला नाही. ते पुढं पुष्कळ वर्षं जगले, दसऱ्याला मी त्यांच्या पाया पडायची आणि तेही पानं देताना सोन्यासारखी राहा म्हणायचे.

पंच गेले, हिंदुराव गेले. त्या दिवशी माळावर हिंदुराव काय ओरडले, निकाल कुणाच्या बाजूनं लागला, हे सांगणारी माणसं मला नंतर रोज भेटत होती, माझ्याकडं दळायला येत होती. मी कुणालाही विचारलं नाही.